पदमपूरची पोथी, प्रॉम्प्टरची वही

लग्न लागलेलं आहे. नवरदेव उतारवयाकडे झुकलेला, दिसायला बेतास बात, पण राजाच्या खास मर्जीतला. नवरी मंत्र्याची लेक. रात्री नवरदेव मोठ्या उमेदीनं नवरीजवळ जातो आणि नवरी त्याला लाथ घालते. तोंडाला येईल ते बोलत तो बाहेर पडतो. मग त्याची तरणी बहीण नव्या वहिनीला चार शब्द सुनवायला येते. वहिनी पांघरूण घेऊन पडलेली. बोलता बोलता विषय भलतीकडेच जातो आणि नणंद आपल्या मनातल्या माणसाविषयी बोलून जाते. पूर्वी एका सुटलेल्या वाघाच्या तावडीतून तिला ज्यानं वाचवलं, तो तरुण. वहिनी पांघरूण फेकून उठून बसते. ती वहिनी नसतेच. लुगडं नेसून, दागिने घालून, अख्ख्या वऱ्हाडाच्या डोळ्यांत धूळ टाकून लग्नाला उभा राहिलेला तोच तो तरुण. त्याच रात्री दोघं पळून जातात.

भाऊबीजेनंतरच्या मंडईच्या रात्री गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावात कुणाला हे सांगितलं, तर समोरचा एवढंच विचारेल की हे कोणत्या मंडळाचं नाटक, आणि आपल्या गावी त्याचं बुकिंग झालं का.

नाटकाचं नाव ‘मालतीमाधव’. लेखक भवभूती, काळ इसवी सनाच्या आठव्या शतकाचा पूर्वार्ध. नाटककारानं स्वतःचं गाव पद्मपूर म्हणून सांगितलंय. हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यात आमगावच्या शेजारचं पदमपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं आणि विदर्भानं ते मनापासून स्वीकारलं. आमगावात भवभूतीच्या नावाचं महाविद्यालय आहे. हावडा–मुंबई मार्गावरच्या या छोट्या गावी उतरलं, की ज्या नावापुढे संस्कृतचे प्राध्यापक हात जोडतात ते नाव पोरं ‘बीएला कुठं हायेस?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून सहज उच्चारतात. मला हे आवडतं. कालिदासाच्या वाट्याला एवढी घसट कुठली?

भवभूतीची ख्याती मात्र रडवणारा नाटककार अशी. ‘उत्तररामचरित’ म्हणजे करुणरस, हे समीकरण परीक्षेच्या गाइडपर्यंत जाऊन पोचलंय. त्याच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही, हेही प्रत्येक टीकाकार नोंदवतो आणि पुढं लिहितो की स्वभावानंच तो गंभीर, विनोद त्याला मानवणारा नव्हता. हे मला पटत नाही. ‘मालतीमाधव’ जरा बाजूला घेऊन, रसांची नावं विसरून, नुसता कथानकाचा सांगाडा पाहावा. गुप्त करार, त्यावर पडदा टाकण्यासाठी केलेलं दुसरं नाटक, वेषांतर, खोटं लग्न, स्मशानात मध्यरात्री ऐकू आलेली किंकाळी, कापालिकाच्या हातून होऊ घातलेला नरबळी, नायिकेचं अपहरण आणि हे सगळं मागून हलवणारी कामंदकी नावाची एक वयस्क बौद्ध भिक्षुणी. विदूषकाचं काम भवभूतीनं कथानकालाच दिलं.

कामंदकीच्या डोक्याची करामत पाहायची तर राजाला दिलेल्या उत्तराचा प्रसंग पाहावा. मालतीचा बाप भूरिवसू आणि माधवाचा बाप देवरात (तो विदर्भाच्या राजाचा मंत्री) यांनी विद्यार्थिदशेतच ठरवलेलं असतं, की पुढं आपल्या मुलांचं लग्न एकमेकांशी लावायचं. मध्येच राजा आपल्या लाडक्या नंदनासाठी (सुरुवातीला लाथ खाल्लेला नवरदेव तो हाच) मालतीला मागणी घालतो. मंत्री नाही कसं म्हणणार? तो उत्तर देतो की महाराज आपल्या मुलीचे धनी आहेत. राजा खूश, नंदन खूश, मालतीच्या डोळ्यांना धारा. आणि पुढं कामंदकी शांतपणे माधवाला ध्यानात आणून देते, की राजाला हक्क आहे तो त्याच्या स्वतःच्या मुलीवर. मालती राजाची मुलगी कुठं आहे? वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं, अर्थ एकटीनं हेरलेला. पुढं शेकडो वर्षांनी गुप्तहेरकथा लिहिणाऱ्यांनी जी रीत पोटापाण्याला लावली, पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर उघडा ठेवायचा आणि त्याचं लक्ष दुसरीकडं वळवायचं, ती इथं पुरती बसलेली आहे.

लाथेचा प्रसंग मात्र भवभूतीनं रंगमंचावर आणला नाही, तो पात्रांच्या बोलण्यातून कळतो. संस्कृत नाटकाची शिस्त. रात्रभर नाटकं रंगवणाऱ्या आपल्या झाडीपट्टीच्या दिग्दर्शकानं ही संधी सोडली नसती. त्या एका लाथेवर त्यानं पंधरा मिनिटं प्रेक्षकांना लोळवलं असतं.

ही नाटकं लिहिली गेली ती राजवाड्यातल्या निवडक पाहुण्यांसाठी, असा आपला समज असतो. भवभूतीच्या तिन्ही नाटकांच्या प्रस्तावनेत प्रयोगाचं निमित्त सांगितलंय, ते कालप्रियनाथाच्या यात्रेचं. म्हणजे जत्रेतलं नाटक. कालप्रियनाथ नेमका कुठला, यावर वाद आहे. मिराशींनी तो यमुनाकाठच्या काल्पीचा ठरवला. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त भवभूती कनौजच्या यशोवर्म्याच्या पदरी दिसतो. गाव विदर्भातलं, नोकरी उत्तरेत, प्रयोग जत्रेत. गोंदियाच्या कुठल्याही कलावंताला हा प्रवास ओळखीचा वाटेल.

* * *

आता पोथ्यांकडे येऊ, कारण खरी रहस्यकथा तिथं आहे.

‘मालतीमाधवा’ची चिकित्सक आवृत्ती रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७६ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत काढली. वेगवेगळ्या पोथ्या समोर ठेवायच्या, ओळीओळीचे पाठ ताडून पाहायचे, लेखनिकाची चूक कुठली आणि लेखकाचा शब्द कुठला हे ठरवायचं. जगद्धराची टीका त्यांनी सोबत छापली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकारनं संस्कृत पोथ्या शोधून विकत घेण्याचं काम हाती घेतलं, त्यात भांडारकरांचा वाटा मोठा. तो संग्रह डेक्कन कॉलेजात होता. १९१७ साली पुण्यात त्यांच्या नावानं प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी सरकारी पोथ्या तिथं गेल्या. आज ते देशातल्या मोठ्या पोथीसंग्रहांपैकी एक आहे. जत्रेत रात्र जागवायला लिहिलेलं नाटक लोखंडी कपाटात, कापडी बासनात, क्रमांक लावून ठेवलेलं असतं, ते असं.

या पोथ्यांनी उत्तरं दिली तशी कोडीही घातली. शंकर पांडुरंग पंडित यांनी ‘गउडवहो’ हे प्राकृत काव्य संपादलं, तेव्हा ‘मालतीमाधवा’च्या एका पोथीची हकिगत दिली. प्रत्येक अंकाच्या शेवटी लेखनिक ‘अमक्याच्या नाटकाचा अमका अंक संपला’ असं लिहून ठेवतो. या पोथीत तिसऱ्या अंकाच्या शेवटी कर्ता म्हणून येतो कुमारिल भट्टाचा शिष्य. सहाव्याच्या शेवटी येतो उंबेकाचार्य. आणि दहाव्याच्या शेवटी भवभूती. एक नाटक, एक पोथी आणि कर्ते तीन! उंबेक हा मोठा मीमांसक. मग कोरड्या यज्ञमीमांसेवर भाष्य लिहिणारा पंडित आणि स्मशानात प्रेतांना मांस विकायला निघालेला नायक रंगवणारा नाटककार ही एकच असामी? की मधल्या कुणा लेखनिकानं ऐकीव गोष्ट पोथीत घुसडून दिली? शंभरावर वर्षं विद्वान यावर भांडताहेत. एका बाजूला वाटतं, खटल्याला पुरावा एकाच साक्षीदाराचा, तोही हस्तलिखिताच्या कडेला उभा. दुसऱ्या बाजूला, खोटं बोलून त्या बिचाऱ्या लेखनिकाला मिळणार काय होतं?

दुसरं कोडं ‘महावीरचरिता’चं. या नाटकाचा पाचव्या अंकातल्या ४६व्या श्लोकापर्यंतचा मजकूर सगळीकडे जुळतो. तिथून पुढं पोथ्यांच्या वाटा फुटतात. एकीकडं सुब्रह्मण्य नावाच्या कवीनं पुरं केलेला भाग, दुसरीकडं विनायकानं लिहिलेला, शिवाय बहुतेक छापील आवृत्त्यांत दिसणारा तिसराच. भवभूतीनं नाटक अर्धवट सोडलं, की पुरं लिहिलं आणि पानं हरवली? त्यातल्या त्यात गंमत अशी, की रामाची गोष्ट असल्यामुळं शेवट सगळ्यांना पाठच होता. रहस्य उरलं ते फक्त शेवट कुणी लिहिला याचं.

पोथ्यांचा शोध पुण्यात थांबला नाही. ‘मालतीमाधवा’ची बाराव्या शतकातली पोथी नेपाळात सापडली. मायकल कूल्सन या इंग्रज अभ्यासकानं पोथ्यांची नव्यानं छाननी करून पाठ सिद्ध केला. तो अकाली गेला आणि त्याचं काम १९८९ साली दिल्लीत पुस्तकरूपानं आलं. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतून फ्रांस्वा ग्रिमाल यांच्या संपादनात हरिहराच्या टीकेसह आणखी एक आवृत्ती निघाली. काठमांडू, पुणे, पाँडिचेरी, दिल्ली. आमगावच्या बाजूच्या माणसाचा कागद (खरं म्हणजे ताडपत्र) किती हातांनी जपला, ते पाहून छाती फुगते.

आमगावच्या बाजूचा, हे तरी खरं का? तोही पुरावा पोथीतलाच. पद्मपूर दक्षिणापथात आहे, असं प्रस्तावना सांगते. ‘मालतीमाधवा’च्या काही पोथ्यांत त्याला विदर्भाची जोड मिळते, ‘महावीरचरिता’त ती नाही. एवढ्यावर गाव शोधायचं! भांडारकरांनी चांद्याच्या बाजूला बोट दाखवलं होतं. मिराशी नागपुरात शिकवणारे, ताम्रपटांचे जाणकार. त्यांनी दुर्गकडं सापडलेला वाकाटकांचा एक ताम्रपट पुढं आणला. तो पद्मपुराहून दिलेला आहे, आणि अर्धवट आहे. खोदणाऱ्यानं सुरुवात केली आणि दानाचा तपशील यायच्या आतच काम थांबलं. राज्य बुडालं, राजा पळाला की आणखी काही घडलं, ते कोरायला कुणी उरलं नाही. पण पद्मपूर ही एके काळी वाकाटकांची राजधानी असावी आणि ती या पट्ट्यात असावी, एवढं त्या अर्ध्या लेखातून निघालं. आमगावजवळचं पदमपूर, तिथले जुन्या मूर्तींचे अवशेष, नावाचं साम्य. मिराशींनी धागे जुळवले आणि भवभूतीवरच्या आपल्या ग्रंथात निकाल दिला. निकालावर अपील करणारे आहेत. गोंदियाकर त्या भानगडीत पडत नाहीत.

* * *

गोंदियाहून बल्लारशाकडं जाणारी गाडी पकडली, की जिल्ह्याचा दुसरा चेहरा दिसायला लागतो. हा मार्ग एके काळी नॅरोगेजचा. गोंदिया शहरात हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात, आजूबाजूच्या गावांत पोवारी कानावर येते. सौंदडच्या पुढं बोली बदलते. बांध्या, बोड्या, मध्येच साग-मोहाचं रान, नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव मनात ठेवून गाडी अर्जुनीला येते आणि पुढं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला. ही झाडीपट्टी. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला, पण नाटकाचा नकाशा जिल्ह्यांच्या सीमा मानत नाही. गोंदियाचा दक्षिण भाग, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून तो एक मुलूख होतो आणि त्याची राजधानी वडसा. तिथल्या रस्त्यांवर नाटक मंडळांच्या कार्यालयांचे फलक एकाला एक लागून असतात. पन्नासच्या वर मंडळं, आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत हंगाम.

भाऊबीज झाली की मंडई सुरू होते. धान कापून झालेलं असतं किंवा पुंजण्यात रचलेलं, तणशीचा वास हवेत, हातात थोडा पैसा. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, सोयरिकी याच गर्दीत जुळतात. दिवसा दंडार, खडी गंमत असे खेळ, आणि रात्री नाटक. दहाच्या सुमारास नांदी झाली की पहाटे कोंबडा आरवेपर्यंत. शंकरपट भरवणाऱ्या गावांत बैलांच्या शर्यतीनंतर रात्री नाटक हवंच. शंकरपटांवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंदी आली, तेव्हा त्याची झळ नाटकांनाही लागली. २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि पट पुन्हा धावू लागले. त्याआधी कोरोनाच्या काळात तर मंडई, नाटक सगळंच बसलं होतं.

मुंबई-पुण्याच्या नाट्यसमीक्षेला ही रंगभूमी बराच काळ दिसलीच नाही. दिसली तेव्हा ‘लोककला’ म्हणून. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांनी नकाशात त्यांचं कुरखेडा शोधलं. झाडीपट्टीचा दादा कोंडके म्हणून ओळखले जाणारे हे विनोदी नट. प्रयोग पाच हजारांच्या घरात, भूमिका आठशे. ‘एकच प्याला’तला त्यांचा तळीराम या भागात गाजलेला. पद्मश्री नटाला मिळाली, ते योग्यच. पण त्या आठशे भूमिका कुणीतरी लिहिल्या होत्या. त्यातल्या गडकऱ्यांचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाकीच्यांचं?

झाडीपट्टीचं नाटक बाहेरून कौटुंबिक असतं. नवऱ्यानं टाकलेली बायको, दोन भावांतली वाटणी, पाटलाच्या पोराची मस्ती. आत रहस्य असतं. पोर नक्की कुणाचं, मेलेला माणूस खरंच मेला का, पत्र कुणी बदललं, तिसऱ्या अंकात दाढी लावून आलेला पाहुणा कोण. आणि या दोन्हींच्या मधून विनोदी नट मोकाट फिरत असतो. भवभूतीनं जो विदूषक हद्दपार केला, तो इथं मंडळाचा सगळ्यात महागडा माणूस. जाहिरातीत त्याचा फोटो नायकापेक्षा मोठा. रात्री दोन वाजता थंडीनं गारठलेल्या दोन-तीन हजार माणसांना जागं ठेवायचं काम त्याचं. हशा पिकला की घोंगड्या सरकतात, पेंगणारी म्हातारी सरळ बसते आणि नेमक्या त्या जागी लेखक रहस्याचा पुढचा दुवा टाकतो. हसत्या माणसाला पुरावा दाखवला की तो त्याच्या लक्षात राहत नाही. कामंदकीचीच युक्ती.

हे लेखन कसबाचं आहे, आणि एका वेगळ्या अर्थानं कठीणही. गाव दरवर्षी नवं नाटक मागतं. गेल्या साली पाहिलेलं चालत नाही. नटसंचात कोण गाणारं, कोणाला रडता येतं, कोणाला नाचता येतं, हे पाहून पावसाळ्यात लिहायचं, दिवाळीच्या आधी तालमीत उतरवायचं. नवरगावच्या सदानंद बोरकरांसारखे लेखक-दिग्दर्शक हे सगळं एकाच डोक्यात सांभाळतात. अनेक लेखक शेतकरी, शिक्षक, पेंटर. संहिता हाती आली की ती मंडळाची होते.

आणि मग प्रॉम्प्टरची.

प्रॉम्प्टर ही इथली कळीची असामी. एका मंडळाच्या गाठीशी हंगामात अनेक नाटकं, आज एक उद्या दुसरं, नट कधी कधी आयत्या वेळी बदललेला. विंगेत वही घेऊन बसलेल्या माणसावर सगळी भिस्त. त्यामुळं ती वही ही खरी संहिता. मूळ लेखकाची शाई निळी असेल तर तिच्यावर लाल शाईनं संगीताची जागा, पेन्सिलीनं प्रकाशाची खूण, खोडलेले संवाद, कडेला वाढवलेले विनोद. गावानुसार बदलायच्या नावाची जागा कोरी सोडलेली. एका गावात सरपंचावरचा विनोद चालला नाही म्हणून फुली, दुसरीकडं टाळ्या पडल्या म्हणून दोन रेघा. शेवटसुद्धा बदलतो. नायिका मेलेली लोकांना खपली नाही, तर पुढच्या गावात ती वाचते. ‘महावीरचरिता’च्या अभ्यासकांनी अशी एखादी वही हातात घेऊन पाहावी. एका नाटकाला तीन शेवट कसे फुटतात, हे तिथं तारखेवार सापडेल.

या वह्या जातात कुठं? ट्रंकेत. नाटकाच्या सामानाच्या, मिशा-टोप-तलवारींच्या ट्रंकेत. हंगाम संपला की माळ्यावर. झाडीचा पाऊस सोपा नाही. कौलं गळतात, वाळवी कपड्याआधी कागद खाते. काही वह्या लेखकाच्या घरी राहतात आणि लेखक गेल्यावर पोरं त्या चुलीत घालत नाहीत एवढंच. आता संहिता संगणकावर टाइप होते, वॉट्सॲपवर फिरते, आणि मोबाइल बदलला की उडून जाते. झाडीबोली आणि दंडार यांवर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातलं म्हणून त्यांचं दप्तर तरी उभं राहिलं. रात्रभर चालणाऱ्या या नाटकांच्या वह्यांना अजून असा माणूस मिळायचाय.

* * *

तरीही एक दप्तर आहे. ते कुणी दप्तर म्हणून उभारलेलं नाही, एवढंच.

महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं जाते. त्याला सगळे सेन्सॉर बोर्डच म्हणतात. कायद्याचा आधार १९५१च्या मुंबई (आता महाराष्ट्र) पोलीस अधिनियमाचा. म्हणजे झाडीतल्या लेखकाची संहिता साहित्यसंस्थेच्या दारात कधी गेली नसेल, पण पोलिसी कायद्याच्या दारातून गेलेली असते. याला जुना वारसा आहे. इंग्रजांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांवर कायदा केला. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९१०मध्ये बंद पडलं, तेव्हा सरकारी दुभाष्यांनी त्याचं वाचन ज्या बारकाईनं केलं, तसं फारच थोड्या समीक्षकांनी केलं असेल. तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली सेन्सॉरनं अडवलं आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

गोंदियाकडं हा मुंबईचा नियम उशिरा आला. १९५६पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. म्हणजे त्याच्या आधीच्या झाडीपट्टी नाटकांच्या मागं मुंबईचं सेन्सॉरही नव्हतं. पूर्वपरिनिरीक्षण नको, ही मागणी मला मान्य आहे. अमोल पालेकर २०१६ साली त्यासाठी न्यायालयात गेले. पण ज्या दिवशी हे मंडळ बंद होईल, त्या दिवशी तिथल्या फायली रद्दीत जाऊ नयेत याची काळजी आधी घ्यायला हवी. संशयानं जमवलेला असला तरी महाराष्ट्रातल्या गावरान विनोदाचा आणि रहस्याचा एवढा मोठा साठा दुसरीकडं असेल असं वाटत नाही.

छापील रहस्यकथेचं नशीब तरी काय वेगळं? बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांची १९३६ ते १९८४ या काळातली १०९२ पुस्तकं गिनीजनं नोंदवली. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ यांनी दोन पिढ्यांना वाचायला शिकवलं. ही पुस्तकं वाचनालयांतून हातोहात फिरली, पानं कोपऱ्यांत गोल झाली, शेवटचं पान फाटलं (त्या पानाच्या चोरीचं रहस्य कुठल्याच हेराला उलगडलं नाही) आणि पुस्तक निकालात निघालं. विनोद आणि रहस्य एकत्र बांधणारा छापील लेखक म्हणाल तर रमेश मंत्री. जेम्स बाँडची हुबेहूब टवाळी करणारा त्यांचा जनू बांडे हा मराठीतला अस्सल विनोदी हेर. मंत्री १९९२ साली कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते इंदिरा संतांना हरवून, आणि त्या निकालाबद्दल मराठी साहित्यविश्वानं त्यांना कधी पुरतं माफ केलं नाही. इंदिराबाई मोठ्या कवयित्री होत्या, यात शंकाच नाही. पण त्या वादात एक गोष्ट गृहीत धरली गेली, की हसवणारा, गुप्तहेराच्या मागं धावायला लावणारा लेखक अध्यक्षपदाच्या खुर्चीत शोभत नाही. जो खुर्चीत शोभत नाही, त्याचे कागद कपाटात तरी कोण ठेवणार?

भवभूतीलाही समकालीनांनी धड वागवलं नसावं. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत तो नाव ठेवणाऱ्यांवर चिडलेला दिसतो आणि आपला वाचक पुढं कधीतरी, कुठंतरी जन्मेल अशी आशा धरतो. त्याची ही आशा फळली, कारण त्याच्या नाटकांच्या प्रती काढणारे लेखनिक निघाले. त्यांतले काही घोळ घालणारे होते, एकानं तर लेखकाचं नावच बदललं. पण प्रत काढली.

कुठला कागद जपायचा, याला सरकारच्या लेखी मात्र एक अट आहे. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झालं, तेव्हा पांडुलिपी कशाला म्हणायचं हे ठरलं. मजकूर हातानं लिहिलेला हवा, महत्त्वाचा हवा आणि किमान ७५ वर्षं जुना हवा. २०२५च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञानभारतम्’ची घोषणा झाली, त्यात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचं उद्दिष्ट आहे. आता हिशेब करू. १९५०च्या आधी अर्जुनी किंवा देवरीकडं कुणी शाईनं लिहिलेलं नाटक असेल, तर ते आज या व्याख्येत बसतं. असा कागद एखाद्या घरात असेल, तर शोधायची वेळ आत्ताची आहे. १९७०ची वही २०४५ साली बसेल. १९८५ची, जेव्हा वडशाच्या मंडळांच्या ट्रंका वह्यांनी भरलेल्या होत्या, ती २०६०मध्ये पांडुलिपी होईल. तोपर्यंत ती जुनी वही आहे, आणि जुन्या वहीला किलोचा भाव मिळतो. गोंदियाच्या महाविद्यालयांतली मराठीची मुलं दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. प्रत्येकानं आपल्या गावच्या एका प्रॉम्प्टरकडं जायचं, वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो घ्यायचे, नाटकाचं नाव, लेखक, मंडळ, साल आणि कडेच्या खुणा एका तक्त्यात उतरवायच्या. खोडलेला विनोदही खोडलेला म्हणून उतरवायचा. हंगाम भाऊबीजेला सुरू होतो, आणि तेव्हा सगळे प्रॉम्प्टर रात्रभर कामात असतात. म्हणून गाठायचं ते दुपारी, जेवण झाल्यावर.